भाजी निवडायचा दिवा

"मेलं, झालं पुन्हा सुरू! बरोबर अंतरा आला की याचा घसा बसतो. जीव नकोसा केलाय नुसता!"

हे कुणाला उद्देशून नव्हतं. शेजारच्या देवयानी मॅडम आपल्या रेडिओवर करवादत होत्या. पण त्यांच्या बैठकीची खिडकी आणि नीलिमाच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यात चौबे कॉलोनीने जेमतेम एक बोळ सोडला होता, सायकल हातात धरून एक माणूस जाईल एवढा. एका घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. तिथे करवादणं कुठून लपणार!

नीलिमाने ते ऐकलं आणि मेथीच्या जुडीचा दोरा सोडत सोडून दिलं. तिच्या मागे स्टुलावर चहाचा कप घेऊन बसलेल्या धर्मपालने मात्र सोडलं नाही. त्याचे कान उभे राहिले.

"व्हॉल्वचा सेट दिसते," तो म्हणाला.

"दिसते कुठी? ऐकू येऊन राहिला नुसता."

"आवाजावरून समजते ना वं. जुना सेट हाय. अन् ही खरखर सेटची नाही. बाहेरून येऊन राहिली."

"येऊ द्या. तुम्ही चहा प्या."

धर्मपालने कप ओट्यावर ठेवला. तो अर्धा भरलेला होता. टेस्टर, पक्कड आणि चिकटपट्टीचं बंडल असलेली आपली पेटी त्याने काखोटीला मारली आणि, "पाच मिनिटात आलो," असं म्हणून तो चपला सरकवून निघूनसुद्धा गेला.

तो अर्धा कप नीलिमाने बराच वेळ पाहिला. त्यावर साय धरली.

आता एका कपाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण धर्मपालची अख्खी नोकरी इकडे छत्तीसगढात, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिक विभागात, पाळ्यांवर गेली होती. तो यायचा तेव्हा नीलिमा झोपलेली आणि ती उठायची तेव्हा तो झोपलेला. संध्याकाळचा चहा नवरा-बायकोने समोरासमोर बसून प्यायचा असतो, ही गोष्ट तिने इतकी वर्षं फक्त टीव्हीवर पाहिली होती. तो रिटायर झाला तेव्हा कारखान्याने शाल आणि घड्याळ दिलं, आणि नीलिमाला संध्याकाळ मिळाली. तिच्या मते तिचाच आहेर मोठा होता.

सुरुवातीला धर्मपालने घरातली प्रत्येक वस्तू उघडून पाहिली. पंखे, मिक्सर, दाराची घंटी. एवढंच नाही तर लग्नाच्या वाढदिवसाला त्याने बायकोसाठी चक्क स्वतःच्या हाताने दिवा बनवला. बाजारातून एलईडीच्या पट्ट्या आणि हिरवा बोर्ड आणला, बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर टांगला. "भाजी निवडताना तुले डोळे फाडा लागतात ना, म्हणून," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिच्या डोळ्यांबद्दल काढलेला हा पहिलाच उद्गार होता.

दिवा लख्ख होता. नीलिमाने डबा बंद व्हायच्या आधी आत डोकावून फक्त एवढंच विचारलं होतं, "ह्या बोर्डावर ही जागा रिकामी काहून हाय?"

"तिथं एक कॉईल लागते. पण डब्यात मावून नाही राहिली. अन् घरातल्या घरात कोण विचारते त्याले!"

खरंच कुणी विचारलं नाही. फक्त एक गोष्ट मात्र त्याने दुरुस्त केली नव्हती, ती म्हणजे नीलिमाची शिलाई मशीन. तिची मोटर उन्हाळ्यापासून बंद होती. "पाहतो," असं तो म्हणायचा. मशीनवर आता गव्हाचा डबा ठेवलेला होता.

पाच मिनिटांनी येतो म्हणालेला धर्मपाल दिवेलागण उलटून गेल्यावर आला. चेहरा कारखान्यात नवीन ट्रान्सफॉर्मर आल्यासारखा उजळलेला.

"चहा गरम करून देऊ?"

"नको, मला नको. तिकडे झाला."

नीलिमाचा हात गॅसच्या बटणावर थांबला. "काय म्हटलं?"

"तिकडे झाला म्हटलं. आल्याचा होता."

"ते नाही. त्याच्या पहिले. 'मला'? जन्मभर 'मले, मले' करणारा माणूस तुम्ही. एका कपात 'मले'चं 'मला' झालं?"

"अवं, त्या मॅडमचं बोलणं एकदम शुद्ध हाय. नागपूरच्याच, पण धरमपेठेतल्या. त्यांच्यासमोर तोंड आपोआप सरळ होते."

देवयानी मॅडम महिन्याभरापूर्वीच राहायला आल्या होत्या. राज्याच्या नव्या राजधानीतल्या कुठल्याशा संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. नवरा होता, पण तो फोनमध्ये राहायचा. नोकरी दूर गुवाहाटीला. सुती साड्या, पांढरी होऊ दिलेली एक बट आणि वडिलांचा लाकडी रेडिओ. संध्याकाळी त्या नागपूर स्टेशन लावून बसायच्या. नीलिमाने आजवर त्यांच्याबद्दल 'बाई चांगली दिसते' एवढंच म्हटलं होतं. त्या रात्री पोळ्या लाटताना तिच्या लक्षात आलं की चांगली दिसते हीच तर अडचण आहे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पेटी पुन्हा काखोटीला.

"आता काय राहिलं?"

"अर्थिंग पाहायची हाय."

"माझ्या मशीनची मोटर पाहायची हाय."

"पाहतो ना," म्हणत तो गेला.

नीलिमा पाळत ठेवणाऱ्यांतली नव्हती. फक्त तिला स्वयंपाकघरात काम होतं. काम खिडकीपाशीच होतं, त्याला ती काय करणार? आणि नुसतं खिडकीत उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून तिने मेथी घेतली, आणि अंधारात मेथी निवडता येत नाही म्हणून डोक्यावरचा दिवा लावला. दिवा लागला त्याच क्षणी समोरच्या बैठकीत रेडिओने खर्रर्र केलं आणि दोन डोकी एकदम रेडिओच्या मागच्या बाजूला वाकली. एक अर्धं टकलं, एक पांढऱ्या बटेचं.

ती डोकी किती वेळ वाकलेली राहिली, हे मेथीला विचारावं. नीलिमाने दोन जुड्यांची पानं तर तोडलीच, पुढे काड्याही तोडल्या.

पाळत ठेवणाऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर एवढा झगमगाट घेऊन उभं राहू नये, हे मात्र तिला सुचलं नाही. समोरून ती साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी स्वच्छ दिसत होती. एकदा तर देवयानी मॅडमनी हात हलवला. नीलिमाने घाईने मान खाली घालून मेथीत असा काही शोध सुरू केला, जणू तिची अंगठी त्यात पडली होती. पुन्हा वर पाहिलं तेव्हा धर्मपाल तिच्याच दिशेने बोट दाखवून काहीतरी सांगत होता आणि मॅडम कौतुकाने मान डोलावत होत्या.

"माझ्याकडं बोट दाखवून काय सांगून राहिले होते त्या बाईले?" तो घरी आल्याबरोबर तिने विचारलं.

"तुझ्याकडं नाही, लाइटकडं. म्हटलं, हा मी बनवला. अर्धा बोळ उजळते."

"अन् मी?"

"तू काय?"

"काही नाही. जेवून घ्या. मेथी हाय."

तिसऱ्या दिवशी तिने गनिमी कावा केला. चहाबरोबर कांदाभजी काढली, तीही कुरकुरीत. धर्मपाल बसला. दोघं पुढच्या गॅलरीत बसली, रस्त्यावरची रहदारी पाहत. स्वयंपाकघरात अंधार होता. नीलिमाला वाटलं, झालं, उतरलं भूत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"काका..." असं काही ऐकू आलं असतं तर नीलिमाने सगळं माफ केलं असतं. पण ऐकू आलं, "धर्मपालजी, चमत्कार झालाय! आज रेडिओ अगदी निर्मळ वाजतोय. तुम्ही नक्की काय केलंत काल?"

"मी? मी तर... थांबा, येतो. पाहिलं पाहिजे."

"निर्मळ वाजून राहिला, तर पाहायचं काय?" नीलिमा म्हणाली.

"अवं, तेच तर पाहायचं! काहून निर्मळ वाजून राहिला ते नको समजायले?"

भजं तोंडात टाकून तो गेला. नीलिमा उठली, स्वयंपाकघरात गेली, लाल भाजीची टोपली ओढली, दिवा लावला. समोर खर्रर्र झालं. बोळापलीकडून मॅडमचा हिरमुसला आवाज आला, "अय्या! आत्तापर्यंत इतका छान होता हो!"

म्हणजे तो तिकडे गेला की रेडिओ बिघडायचा, आणि बिघडला की तो तिथेच थांबायचा. तो थांबला की नीलिमा खिडकीतून हलायची नाही. कुणीच काही चूक करत नव्हतं, आणि रोज घरात भाजीचा ढीग वाढत होता. मेथी, लाल भाजी, पालक, लाखडीची भाजी. धर्मपालने एकदा ताटाकडे पाहून "आज बी?" एवढंच विचारलं. "डोळ्याले चांगली असते," नीलिमा म्हणाली, "नीट दिसते मंग सगळं." निवडलेली भाजी ती वरच्या मजल्यावरच्या पूर्णिमा दीदीकडे पोचवू लागली. पूर्णिमा दीदी मूळच्या इथल्याच, छत्तीसगढी, आणि गल्लीतलं सगळं त्यांना आधी कळायचं.

"भैया आज फिर उधर?" भाजीचं भांडं घेताना त्यांनी विचारलं.

"हव. रेडिओ खराब हाय ना त्यांचा."

"अच्छा, रेडिओ," पूर्णिमा दीदी म्हणाल्या. त्यांनी तो शब्द असा काही उच्चारला की नीलिमाला पुढचा अर्धा जिना रेलिंग धरून उतरावा लागला.

बंगळूरहून लेकाचा, यशदीपचा, फोन आला तेव्हा त्यालाही भाजीचीच कहाणी ऐकावी लागली. पोट्टा मराठी सगळं समजायचा, उत्तर मात्र हिंदीत द्यायचा.

"मम्मी, एक बात बोलूँ? आप पापा को सीधा बोल दो ना."

"काय बोलू?"

"कुछ नहीं," लेक म्हणाला. "भाजी कम खाया करो आप लोग."

इकडे धर्मपालची मती कामाला लागली होती. अर्थिंग बरोबर, एरियल बरोबर, व्हॉल्व बरोबर. म्हणजे खरखर विजेच्या लाइनीतून येत होती, म्हणजेच गल्लीतल्या कुणाच्या तरी घरातून. एका संध्याकाळी तो पूर्णिमा दीदीच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटीच्या चार्जरपाशी जाऊन उभा राहिला आणि ते काढून दाखवा म्हणाला. त्यावर जिन्यात असा काही आवाज झाला की त्यापुढे रेडिओची खरखर म्हणजे अंगाई. चार्जर निर्दोष सुटला. नीलिमाचं भाजीचं भांडं मात्र परत येईना.

"पण तुम्ही शोधून काय राहिले?" त्या दिवशी जेवताना तिने विचारलं. शत्रूची माहिती असलेली बरी.

धर्मपाल खुलला. "तुले टुल्लू पंप माहीत हाय ना?"

"माहीत नसाले काय झालं? पूर्णिमा दीदीनं पाणी ओढायले नळाले लावला होता, तवा आपल्या नळाले खोकला यायचा."

"बस्स! तेच. आजकालचे चार्जर, लाइट, सगळे टुल्लूचे भाऊ. आतमधी एक बटण असते, ते सारखं चालू-बंद, चालू-बंद. वीज शांत प्यायचं नावच नाही. घोट घेतला, तोंड मिटलं. घोट घेतला, तोंड मिटलं. सेकंदात हजारो वेळा. समोरून पाहिलं तर लाइट कसा शांत, गुळगुळीत. डोळ्याले काहीच समजत नाही. पण मागून, ज्या तारेतून तो पिते ना, तिथं सगळा धिंगाणा. ते हिसके लाइनीतून शेजारच्या घरात जातात."

समोरून गुळगुळीत आणि मागून धिंगाणा. नीलिमाने पदर सारखा केला. हे वर्णन तिला उगाचच ओळखीचं वाटलं.

"मंग त्याले इलाज?"

"हाय ना. मधात टाकी बसवायची. टुल्लूनं लाइनीतून ओढलं तर शेजारी बोंबलते, टाकीतून ओढलं तर कोणाले समजत नाही. तसा फिल्टर असते. एक कॉईल, एक कंडेन्सर. हिसके आतल्या आत जिरवते. इमानदार लोक बसवतात. चोर लोक काढून टाकतात. हा जो कोणी हाय ना गल्लीत, एक नंबरचा चोर हाय. सापडू दे फक्त!"

आणि त्याने लाखडीच्या भाजीचा घास रागाने गिळला.

शेवटी देवयानी मॅडमनीच त्याला ते सांगितलं. त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस सांगू की नको करत होत्या.

"राग मानू नका हं, पण माझ्या एक लक्षात आलंय. तुम्ही आलात की थोड्या वेळानं सुरू होतं. तुम्ही गेलात की थांबतं."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. धर्मपाल इलेक्ट्रिकचा माणूस. त्याचे डोळे चमकले. खरखर लाइनीतून नाही, आपल्या अंगावरून येते! आपल्या अंगावर काहीतरी आहे!

हे संभाषण खिडकीतून ऐकू आलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या वेळी रेडिओ नुकताच खर्रर्र करू लागला होता, कारण नीलिमाने नुकताच दिवा लावला होता. तिला शब्द ऐकू आले नाहीत. तिला फक्त दिसलं.

तिला दिसलं की धर्मपालने आधी खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला. ठीक आहे.

मग त्याने रेडिओला कान लावला, मान हलवली आणि हातातलं घड्याळ काढलं. कारखान्याने दिलेलं, जे तो आंघोळीलाही काढायचा नाही.

नीलिमाच्या हातातली पालकाची जुडी हवेतच राहिली.

मग त्याने चष्मा काढला. मॅडमनी तो हात पुढे करून घेतला आणि हसल्या. धर्मपालही हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, जरा संकोचला, पाठ फिरवली आणि शर्ट वर करून कमरेच्या पट्ट्याला हात घातला.

तो पट्टा लोहचुंबकाचा होता, कंबरदुखीवर यशदीपने पाठवलेला, हे नीलिमाला माहीत होतं. रोज सकाळी तीच बांधून द्यायची. पण त्या क्षणी माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी तिच्या डोक्यातून पालकाच्या पाण्यासारख्या निथळून गेल्या. तिने जुडी आपटली, पदर खोचला आणि वळली.

वळता वळता तिने दिव्याचं बटण बंद केलं. घराला आग लागली असती तरी नीलिमा आधी दिवे बंद करून मगच पळाली असती, सवयच तशी.

बोळातून, पुढच्या फाटकातून, चपलांशिवाय ती मॅडमच्या बैठकीच्या दारात उभी राहिली, तेव्हा रेडिओवर एक जुनं भावगीत इतकं स्वच्छ वाजत होतं की गाणारी बाई शेजारी बसून गातेय असं वाटावं. खोलीच्या मधोमध धर्मपाल उभा. विस्कटलेला शर्ट, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि हातात सोडलेला पट्टा झेंड्यासारखा उंच धरलेला.

"नीलिमा!" तो आनंदाने ओरडला. "बरं झालं तू आली! पट्टा काढला अन् सगळं मोकळं झालं!"

"दिसून राहिलं मले," नीलिमा म्हणाली.

"या ना, या, बसा," मॅडम म्हणाल्या. "अहो, कमाल झाली! घड्याळ काढलं, चष्मा काढला, काही फरक नाही. आणि पट्ट्याला हात घातला मात्र..."

"ते बी दिसलं."

धर्मपालला मात्र काहीही दिसत नव्हतं, एक तर चष्मा नव्हता आणि दुसरं म्हणजे शोधाची धुंदी. त्याने प्रयोग पक्का करायला पट्टा पुन्हा कमरेला लावला. गाणं स्वच्छच. पट्टा रेडिओवर ठेवला. गाणं स्वच्छ. पट्टा रेडिओभोवती गुंडाळला, मॅडमना धरायला दिला, नीलिमाच्या गळ्यात घालून पाहिला. गाणारी बाई काही केल्या खोकेना.

त्याचा चेहरा हळूहळू पडला. तो स्टुलावर बसला. "मंग झालं काय? आत्ताच तर होती खरखर. इथं तर काहीच बदललं नाही. फक्त पट्टा निघाला... अन् तू आली." मग त्याने मान वर केली. "तू काय करून राहिली होती?"

"मी? भाजी निवडून राहिली होती."

"कुठी?"

"खिडकीत."

"लाइट लावून?"

"नाही तर काय, अंधारात?"

"अन् येताना?"

"बंद करून आली."

तिघांनीही एकाच वेळी बोळापलीकडच्या अंधाऱ्या खिडकीकडे पाहिलं.

"जरा जाऊन लावतं का?" धर्मपाल म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

नीलिमा गेली. दिवा लावला. समोरून खर्रर्र. बंद केला. गाणं. लावला. खर्रर्र. तिसऱ्यांदा तिने बटणावरून हात काढलाच नाही, कारण तोवर सगळा हिशेब तिच्या ध्यानात आला होता. ज्या ज्या वेळी ती त्या खिडकीत उभी राहिली, त्या त्या वेळी शेजारच्या बैठकीत रेडिओने पुकारा केला होता: आली, आली, पाहतेय, पाहतेय. चोरून पाहिलेलं तिने स्वतःच लाउडस्पीकरवरून जाहीर केलं होतं. आणि वर जितकी ती पाहत राहिली, तितका तो तिथे अडकत गेला. नवऱ्याला त्या खोलीत कुणी बांधून ठेवलं असेल तर ते तिनेच.

ती परत गेली. रोज खिडकीतून चोरून पाहत होती, असं कुणीतरी आता म्हणणार, म्हणून नीलिमा दारातच थांबली.

"तर मग दिवाच होता," देवयानी मॅडम फार मऊ आवाजात म्हणाल्या. "किती साधी गोष्ट."

"हो ना," धर्मपाल घाईघाईने म्हणाला. "नीलिमाला भाजी निवडायला लागतो तो. हिवाळ्यात भाज्या जास्त येतात बाजारात. मग निवडाव्या लागतात."

"लागतातच. मला तर निवडायचा फार कंटाळा. यांची चिकाटी पाहून मला वाटायचं..." मॅडम अडखळल्या. "की चिकाटी आहे."

"आणि चूक लाइटची आहे," धर्मपाल भिंतीला सांगत होता. "त्यात ती कॉईल नाही ना. कॉईल पाहिजे होती."

ती रिकामी जागा. नीलिमाला ती एकदम आठवली.

"घरातल्या घरात कोण विचारते त्याले," ती सावकाश म्हणाली. "कोणतरी एक नंबरचा चोर हाय म्हणत होते तुम्ही."

धर्मपालने टेबलावरचा चष्मा चाचपून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढून पुसायला लागला. पण नीलिमाला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. हा माणूस शुद्ध मराठीत, परक्या बाईसमोर, भाजीच्या हंगामाची सबब सांगून तिची लाज राखत होता. शिव्या देणं सोपं गेलं असतं. असं झाकून घेतल्यावर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून कॉईल आणि कंडेन्सर घेऊन आला. बिस्किटाच्या डब्यात ते मावत नव्हतंच. मग त्याने इकडेतिकडे पाहून शिलाई मशीनवरचा गव्हाचा मोठा डबा रिकामा केला, दिव्याचा सगळा संसार त्यात हलवला, आणि डबा उचलल्यावर खाली मशीन दिसली तेव्हा काही न बोलता तिचीही मोटर उघडून ठेवली. नीलिमाने टॉर्च धरला. दोघं एकमेकांच्या एवढी जवळ बसली होती की त्याच्या केसांतल्या खोबरेलाचा वास तिला येत होता. तरी बोलणं चाललं होतं ते फक्त "ते दे" आणि "हे धर" एवढंच.

संध्याकाळी चाचणी. धर्मपाल पलीकडे मॅडमच्या बैठकीत, नीलिमा इकडे खिडकीत. वर पूर्णिमा दीदी गॅलरीत उभ्या, कारण काहीतरी होतंय आणि आपण नाही, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"लाव!" तिकडून धर्मपाल ओरडला.

नीलिमाने बटण दाबलं. दिवा लख्ख लागला. रेडिओवर निवेदिका दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम सांगत होती. एक अक्षर तुटलं नाही.

"लागला का?"

"लागला."

"इकडे काहीच नाही! एकदम निर्मळ!"

"अभिनंदन!" मॅडम टाळ्या वाजवत होत्या.

सगळं मिटलं होतं. नीलिमा भरउजेडात उभी राहून समोर पाहत होती. आता इथून कितीही वेळ पाहिलं असतं तरी कुठे काही वाजलं नसतं. दिवा आपले हिसके आतल्या आत जिरवत होता. समोर नवरा रेडिओचं बटण फिरवत होता, मॅडम त्याला आणखी एका कपाचा आग्रह करत होत्या, आणि तो मान वर करून खिडकीकडे पाहत होता, थांबू की येऊ अशा चेहऱ्याने. विचारत कुणीच नव्हतं. निवेदिका थांबली. गाणं सुरू व्हायच्या आधी असतो तेवढा एक शांत क्षण बोळात उतरला.

"ऐका जी!" नीलिमाने खिडकीचा गज धरून हाक मारली, "चहा ठेवला मी इकडं, दोघांचा. मॅडम, तुम्ही बी या, तिघांचा करते. अन् एक सांगून ठेवते, तुम्हा सगळ्याले, वर पूर्णिमा दीदी असंन त्यांले बी. इतके दिवस मी काही भाजी निवडून नव्हती राहिली. मी जळून राहिली होती."